भरलेलं हॉटेल, रिकामा गल्ला

हॉटेल काढायचं म्हणून कुणी सल्ला विचारायला आलं की मी आधी एकच विचारतो, वजनकाटा घेतलात का? बहुतेकांनी नाव ठरवलेलं असतं, पाटीचा रंग ठरवलेला असतो, खुर्च्याही पसंत केलेल्या असतात. काटा यादीतच नसतो. माझ्याही यादीत नव्हता आणि त्यापायी माझं जवळपास पहिलं वर्ष गेलं.

पहिल्या सहा महिन्यांत आमच्याकडे जेवायच्या वेळी बाहेर माणसं उभी असायची. चव सगळ्यांना आवडत होती. तरीही महिनाअखेरीला पगार आणि भाडं देऊन झालं की मालवाल्याची उधारी भागवायला पैसे उरत नसत. मला वाटलं, कुणीतरी गल्ल्यात हात घालतंय. आठवडाभर सगळ्यांवर संशय घेतला. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

चोरी नव्हतीच. ओगराळी दोन होती. सकाळच्या शिफ्टचा आचारी 150 मिलीच्या ओगराळ्याने रस्सा वाढायचा आणि संध्याकाळचा 200 मिलीच्या. दोघांच्याही मनात काही खोट नव्हती, हाताला जे लागेल ते ते घेत. संध्याकाळी 120 ताटं गेली की 50 मिलीच्या फरकाने 6 लिटर रस्सा जास्त जायचा, म्हणजे रोज 40 वाट्या. त्या एकाही वाटीचे पैसे बिलात नव्हते. मोठं ओगराळं त्याच दिवशी काढून टाकलं आणि प्रत्येक पदार्थाचं माप कागदावर लिहून भिंतीला लावलं.

कच्च्या मालाचा खर्च काढतानाही सगळे एकच चूक करतात. पावतीवरचा दर धरतात. 5 किलो भाजी आणली आणि निवडून, सोलून हातात 4 किलो राहिली, तर तुमचा खरा दर सव्वापट झाला. हा हिशेब प्रत्येक मुख्य मालाचा एकदा स्वतः काट्यावर करून बघा. दुसऱ्याचे आकडे घेऊ नका, कारण सोलणारा हात बदलला की आकडा बदलतो.

साधारण ठोकताळा असा, की विक्रीच्या शंभरातले 28 ते 35 कच्च्या मालात जातात. माल आणि पगार मिळून 60 ते 65 च्या पुढे गेले की भाडं, गॅस, वीज आणि दुरुस्त्या भागवून हातात काही उरणं कठीण. भाडं शक्यतो 10 च्या आत हवं. ऑनलाइन ऑर्डरींवर भर देणार असाल तर कमिशन याच शंभरातून जातं, म्हणून त्या विक्रीचा हिशेब वेगळा मांडा.

मात्र टक्केवारीच्या फार मागे लागू नका. एक पदार्थ 300 ला विकला आणि माल 120 चा लागला, म्हणजे 40 टक्के. दुसरा 120 ला विकला, माल 30 चा, म्हणजे 25 टक्के. कागदावर दुसरा बरा दिसतो, पण पहिला ताटामागे 180 ठेवून जातो आणि दुसरा 90. कसावाना आणि स्मिथ या अभ्यासकांनी 1982 मध्ये मेन्यू तपासायची पद्धत मांडली ती याच विचारावर: पदार्थ किती खपतो आणि मागे किती ठेवतो, या दोन्ही गोष्टी एकत्र बघायच्या. मी तसा तक्ता मांडला तेव्हा आमच्या 64 पदार्थांपैकी 27 महिन्यात जेमतेम चार-पाचदा जात होते. त्यांच्यासाठी कोठीत माल मात्र रोज पडून असायचा. ते काढले. एकाही गिऱ्हाइकाने विचारलं नाही.

एका बाबतीत मात्र काटकसर अजिबात नको. उरलेला मोठा टोप गरम असताना तसाच फ्रीजमध्ये ठेवायचा नाही, मधला भाग तासन् तास कोमट राहतो आणि जंतू तिथेच वाढतात. उथळ ट्रेमध्ये पसरा. 60 अंशांवरून 2 तासांत 21 वर आणि पुढच्या 4 तासांत 5 अंशांवर आलं पाहिजे. थर्मामीटर लावून बघा, हाताच्या अंदाजाने नाही. डब्यावर तारीख आणि वेळ लिहा. शंका आली की फेकून द्या. आपल्याकडे जेवून एखादं मूल आजारी पडलं तर ते कशानेच भरून निघत नाही.

दहातली नऊ हॉटेलं पहिल्याच वर्षी बसतात, असं सगळीकडे सांगतात. त्याने घाबरू नका. पारसा आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या कोलंबस शहराचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या वर्षी सुमारे 26 टक्के बंद पडली आणि तीन वर्षांत 60 टक्क्यांच्या आसपास. आकडा कमी असला तरी मोठाच आहे. म्हणून सजावटीतून वाचवा, पण सहा महिन्यांचं भाडं आणि पगार भागेल एवढं खेळतं भांडवल बाजूला ठेवूनच दार उघडा. आणि पगाराची तारीख चुकवू नका. चांगला आचारी कमी पगारावर एक वेळ थांबेल, चुकणाऱ्या तारखेवर थांबत नाही.

जागा बघण्याआधी दोन-तीन महिने दुसऱ्याच्या हॉटेलात काम करा, आणि जमलं तर भांडी घासतात तिथली पाळी मागून घ्या. काय परत येतं ते तिथेच दिसतं. आमच्याकडे भांड्यांवर असलेल्या मावशींनी एकदा मला मोरीपाशी बोलावून खरकट्याची बादली दाखवली. वरचा थर पूर्ण सॅलडचा होता, कापलेलं तसंच. "साहेब, हे रोजचं आहे," त्या म्हणाल्या. मी रोज दारात उभा राहून लोकांना जेवण कसं वाटलं विचारत होतो, आणि कुणीच हे सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सॅलड निम्मं केलं, मागेल त्याला पुन्हा द्यायचं ठरवलं, आणि रोज रात्री बंद करण्याआधी ती बादली मावशींसोबत बघायला लागलो.