पापुद्रा फाटायचा थांबला, माझा अनुभव

खाली पाण्यात कॉपर अ‍ॅसिटेट, वर ऑक्टेनॉलमध्ये (पाण्यात न मिसळणारं, तेलासारखं अल्कोहोल) ट्रायमेसिक अ‍ॅसिड, दोघांची गाठ फक्त मधल्या सीमेवर पडते, तिथंच एचकेयूएसटी-१ चा निळा पापुद्रा धरतो (हाँगकाँगवाल्यांनी १९९९ला छापलेलं हेच ते एमओएफ, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून झालेली सच्छिद्र जाळी). आमच्याकडं मात्र सुरकुत्या पडून फाटायचा. टॉर्च तिरका मारून बघितलं तर सीमेवर बारीक लाटा, शेजारच्या पॉवरलूमच्या, सोलापुरात दुसरं काय असणार! मग टेबलावर सायकलची ट्यूब थोडी फुगवून ठेवली, वर शहाबादी फरशी, फरशीवर बीकर, लाटा गायब. ऑक्टेनॉल पिपेटनं काचेच्या कडेवरून थेंब थेंब सोडायचं, ओतायचं नाही. आणि स्लाइड आधीच तळाशी ठेवा, मग खालचं पाणी सिरिंजनं सावकाश ओढलं की पापुद्रा अलगद तिच्यावर बसतो. इथेनॉलनं धुवून तापवला की आकाशी रंग गडद होतो, म्हणजे आतलं पाणी गेलं.