अमेरिकेतली शेतजमीन प्लॉटिंगपासून कायमची कशी राखावी

सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' असा रकाना असतो. जमीन आपली, पण तिच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हक्क नोंदलेला. अमेरिकेतलं कॉन्झर्व्हेशन इझमेंट साधारण याच जातीचं. मालकी तुमचीच, जमीन कसता येते, विकता येते, मुलांना देता येते. तुकडे पाडायचे आणि बांधकामाचे हक्क तेवढे सोडायचे, आणि त्यावर लक्ष ठेवते लँड ट्रस्ट (जमिनी राखणारी ना-नफा संस्था) किंवा सरकारी संस्था.

1. आधी घरात बोला. ही अट पुढच्या प्रत्येक मालकाला लागू राहते. पोरं नाराज असतील तर इथेच थांबा.

2. लँड ट्रस्ट गाठा. त्यांची माणसं शिवार फिरून बघतात आणि नकारही देतात. पैसे हवे असतील तर हे हक्क दान करण्याऐवजी विकायचं विचारा: न्यू जर्सीत बांधकामाचे हक्क विकत घेणारी सरकारी योजना 1983 पासून आहे.

3. दस्तावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. समजा 40 एकर आहेत. नकाशा टेबलावर पसरा, पेन्सिल घ्या. गोठा वाढवायचाय? मुलीला पुढेमागे घर बांधायचंय? मग त्या 2 एकरांचा चौकोन आत्ताच आखून दस्तात घाला. 'शेतीला पूरक बांधकाम' असलं मोघम वाक्य म्हणजे वादाला आमंत्रण. शेताच्या इझमेंटमध्ये लोकांना आत येऊ द्यावंच लागतं असं नाही. ती धास्ती उगाच असते. वकील मात्र स्वतःचा करा, ट्रस्टचा नको.

4. जमिनीवर कर्ज असेल तर इझमेंटचा हक्क बँकेच्या हक्काच्या आधी, असं बँकेकडून लिहून घ्या. नाहीतर जप्तीत सगळं वाहून जाईल, आणि करसवलतही.

5. मूल्यांकन करून घ्या. अटीआधी किंमत 10 लाख डॉलर, अटीनंतर 6 लाख, तर दान 4 लाखांचं. दानाच्या 60 दिवसांहून जुना अहवाल चालत नाही. केंद्रीय करात वर्षाला उत्पन्नाच्या 50 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते (मुख्य कमाई शेतीचीच असेल तर 100), उरलेली पुढची 15 वर्षं ओढता येते. 'गुंतवा आणि चौपट वजावट घ्या' म्हणणारा एजंट भेटला तर दार लावा. पैसे गुंतवून केलेल्या अशा भागीदारीत गुंतवणुकीच्या अडीचपटीहून मोठी वजावट 2022 च्या कायद्याने जवळपास बंदच केली आहे.

6. सही करण्याआधी जमिनीची आजची स्थिती फोटो-नकाशांसह नोंदवली जाते. मग दस्त काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) दप्तरी जातो. पुढे ट्रस्टचा माणूस साधारण वर्षातून एकदा येतो आणि त्याच फोटोंशी शेत ताडून बघतो. नवी शेड घालायची असेल तर खांब रोवण्याआधी त्याला फोन करा.