अपडेट बंद झालेला अँड्रॉइड फोन वापरताय? या चुका टाळा

कंपनीने अपडेट थांबवले तरी फोन पुढे बरीच वर्षे चालू शकतो. अशा फोनचा जीव जातो तो बहुतेक वेळा घाईघाईने केलेल्या उपायांनी. त्यातही दोन चुका पुन्हा पुन्हा होतात.

फोन अडवतोय, तरी रॉम रेटणे

कंपनीचे अपडेट थांबले की अनेक जण फोनमध्ये दुसरे रॉम, म्हणजे फोनची पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, टाकतात. रॉम निवडताना बाजारातले नाव पाहू नका, कोडनेम म्हणजे त्या मॉडेलचे तांत्रिक नाव पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ५ म्हणजे परदेशातला रेडमी ५ प्लस; कोडनेम ‘विन्स’, प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ६२५. परदेशात नोट ५ म्हणून विकला गेला तो आपल्याकडचा नोट ५ प्रो. कोडनेम ‘व्हायरेड’, स्नॅपड्रॅगन ६३६. नुसते नाव वाचून उतरवलेली फाइल टाकायला गेलात की रिकव्हरी (रॉम टाकण्यासाठीचा फोनमधला वेगळा प्रोग्राम) ‘एरर ७’ दाखवून थांबते. त्यावर हमखास सल्ला मिळतो: रॉमची झिप फाइल उघडा आणि तिच्यातल्या अपडेटर-स्क्रिप्टमधली ‘असर्ट’ची ओळ उडवा. कृपा करून हे करू नका. फाइल याच फोनची आहे ना, हे तीच ओळ तपासते. कोडनेम बरोबर असूनही एरर आला, तर बहुधा रिकव्हरी किंवा फर्मवेअर (मोडेमसारखे भाग चालवणारे कंपनीचे सॉफ्टवेअर) जुने असते. रॉमसोबतच्या सूचनांत सांगितलेली आवृत्ती आधी टाका.

नोट ५ प्रोवाल्यांना तर याहून मोठा फटका बसला. २०१८ च्या मध्यात शाओमीच्या एमआययूआय या सिस्टिमच्या अपडेटमधून अँटी-रोलबॅक, म्हणजे जुन्या आवृत्तीवर परत जाऊ न देणारे कुलूप आले, क्रमांक ४. हा क्रमांक चिपमध्ये कायमचा कोरला जातो, मागे घेता येत नाही. नवी आवृत्ती आवडली नाही म्हणून अनेकांनी जुनी चढवली आणि फोन जागीच डेड झाले. स्क्रीन काळी, संगणकाला जोडला तर फक्त ‘९००८’ पोर्ट, म्हणजे चिपचा आणीबाणीचा मोड दिसायचा. तिथून फोन उठवायला शाओमीने परवानगी दिलेले खाते लागते, त्यामुळे घरबसल्या मार्ग जवळजवळ बंद. फास्टबूट (संगणकावरून फोनला आदेश देण्याचा मोड) रॉममधली ‘फ्लॅश ऑल’ स्क्रिप्ट हा क्रमांक तपासून अडवायची, तर काहींनी तपासणीच्या ओळीच खोडून टाकल्या. दोन मिनिटे वाचायचा कंटाळा केला आणि चांगला फोन गमावला.

म्हणून क्रम असा ठेवा. रॉम टाकण्यासाठी बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) अनलॉक केला की सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा फोटो आणि कॉन्टॅक्ट आधी बाहेर काढा. बॅटरी निम्म्याहून जास्त हवी. ‘फास्टबूट गेटवार प्रॉडक्ट’ने कोडनेम बघा, शाओमी असेल तर ‘फास्टबूट गेटवार अँटी’ही. फोनच्या अँटी-रोलबॅक क्रमांकापेक्षा खालच्या क्रमांकाचे कंपनी रॉम टाकू नका. रिकव्हरीतून ‘ईएफएस’ आणि ‘पर्सिस्ट’ या फोनच्या खास माहितीच्या भागांचा बॅकअप घेऊन संगणकावर ठेवा. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) उडाला तर तोच कामाला येतो.

साइट उघडत नाही म्हणून तारीख मागे नेणे

साइट खरी आहे का हे फोन आपल्यातल्या मूळ (रूट) प्रमाणपत्रांवरून ठरवतो. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या प्रमाणपत्राची मुदत संपली, त्यामुळे जुन्या फोनवर काही साइट उघडेनात आणि काही जण फोनची तारीखच मागे नेतात. साइटना मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचे नवे ‘आयएसआरजी रूट एक्स१’ अँड्रॉइड ७.१.१ पासून फोनमध्येच आहे, ७.० आणि त्याआधीच्या फोनमध्ये नाही. त्यांच्यासाठी केलेली खास सोयही २०२४ मध्ये संपली. तारीख मागे नेल्याने नव्या प्रमाणपत्रांच्या साइट बंद पडतात आणि ऑथेंटिकेटरचे कोड चुकतात. तारीख ऑटोमॅटिकच ठेवा. संगणकावर लेट्स एन्क्रिप्टच्याच साइटवरून ते रूट उतरवा, फोनमध्ये कॉपी करा आणि सेटिंग्ज, सिक्युरिटी, इन्स्टॉल फ्रॉम स्टोरेज असे जाऊन बसवा. फोन स्क्रीन लॉक लावायला सांगेल, लावा. क्रोम हे प्रमाणपत्र मानतो, अँड्रॉइड ७.० वर चालणारी काही ॲप मानत नाहीत. अनोळखी ठिकाणचे रूट मात्र कधीच बसवू नका, ते ज्याच्या हातात आहे तो तुमची वाहतूक वाचू शकतो.

बाकीच्या, थोडक्यात

बँकेशी जोडलेले सिम आणि यूपीआय या फोनमध्ये नको. ‘अबाउट फोन’मधली सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहिलीत की कारण कळेल: त्यानंतरच्या सुरक्षा त्रुटी दुरुस्त झालेल्या नाहीत.

क्रोम १३९ पासून अँड्रॉइड १० लागतो. ८ किंवा ९ असेल तर फायरफॉक्स वापरा.

कस्टम (कंपनीबाहेरचे) रॉम असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नका, बहुतेक फोन मग सुरूच होत नाहीत.

जुना फोन सीसीटीव्ही म्हणून चोवीस तास चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी फुगू शकते. टायमरच्या सॉकेटवर ठराविक वेळच चार्ज करा. मागचे कव्हर किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर चार्जिंग ताबडतोब थांबवा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, आणि ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.