पहिल्या वर्षी तानपुरा मागा: विद्यापीठाच्या संगीत विभागातला मैफलींचा हंगाम

संगीत विभागात प्रवेश घेतलेली मुलं पहिल्या आठवड्यातच विचारतात, "आमचं गाणं कधी?" सूचनाफलकावर वर्षभराच्या कार्यक्रमांचा तक्ता लागलेला असतो. गुरुपौर्णिमा, पावसाळ्यातली मल्हारांची बैठक, दिवाळीच्या सुट्टीआधी विद्यार्थ्यांचं गायन-वादन, थंडीत बाहेरच्या कलाकारांच्या सभा आणि शेवटी एम.ए.च्या मुलांचं मंचप्रदर्शन. त्यात आपलं नाव शोधायचं आणि नाही दिसलं की खट्टू व्हायचं, हे दरवर्षी ठरलेलं. कोल्हापुरात गाणं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगते, पहिल्या वर्षी तक्त्यात नाव शोधू नका. सरांकडे जा आणि गाणाऱ्याच्या मागे तानपुऱ्यावर बसायला मागा.

आमचे सर म्हणायचे, "आधी मागं बस, मग पुढं ये." याचा अर्थ मला थंडीतल्या एका सभेत कळला. बाहेरगावच्या गायिका होत्या, बसंती केदार राग चालला होता आणि मी त्यांच्या डाव्या बाजूच्या तानपुऱ्यावर होते. विलंबित तीनतालात तबल्याची लय कणाकणानं चढायला लागली. बाईंनी मान वळवली नाही, गाणंही थांबवलं नाही. मांडीवरच्या बोटानं फक्त मात्रा दाखवत राहिल्या आणि पुढच्या दोन आवर्तनांत (तालाच्या चक्रांत) बोल जरा सैल टाकले. तबलजींनी ते ओळखलं, लय जागेवर आली. समोर भरलेल्या सभागृहात कुणाला याचा पत्ता नव्हता. श्रोत्यांना तयार गाणं ऐकू येतं. मागे बसणाऱ्याला ते तयार होताना दिसतं: श्वास कुठे घेतला, कुठली जागा घ्यायची म्हणून सुरुवात केली आणि सोडून दिली, समेच्या, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी तबलजींकडे कधी पाहिलं. वर्गात हे कुणी शिकवत नाही, कारण वर्गात ते घडतच नाही.

पण मागे बसायला मिळायचं तर तानपुरा लावता आला पाहिजे, आणि इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर वाढलेल्या पिढीला तो येत नाही हे खरं आहे. आधी मधल्या जोडाच्या दोन तारा षड्जात मिळवायच्या, मग खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार, मग पहिली तार पंचमात किंवा रागाप्रमाणे मध्यमात, निषादात. खुंटीनं जवळपास आणायचं आणि मण्यानं नेमकं करायचं. त्यानंतर जवारीचा, म्हणजे तारेला गुंजता नाद देणारा, दोरा. घोडीवर तारेखाली तो केसभर पुढेमागे सरकवला की एका ठिकाणी तार एकदम बोलायला लागते. ती जागा कान ओळखायला लागेपर्यंत रोज लावत राहायचं, दुसरा मार्ग नाही. छेडताना लय गायकाच्या लयीशी जुळवायची नाही, एकसारखी सोडायची. तानपुरा तबल्याबरोबर चालायला लागला की गाणाऱ्याचं लक्ष मोडतं.

इथला पावसाळा या सगळ्यावर पाणी फिरवतो. जुलैमध्ये कोल्हापुरात दिवसदिवस ऊन पडत नाही. लाकूड दमट होतं, खुंट्या अडकतात किंवा सरकतात, तबल्याची पुडी (वरचं चामडं) ओल धरून उतरते. म्हणून गुरुपौर्णिमेला वाद्यं तासभर आधी मंचावर नेऊन ठेवायची, गवसणी काढून. मंचावर दिवे लागले की उलटा प्रकार सुरू होतो. उष्णतेनं तबल्याची पुडी सुकून ताणते आणि सूर चढतो, पण धातूची तार प्रसरण पावून सैल होते आणि सूर उतरतो. तबला वर, तानपुरा खाली आणि मध्ये गाणारा. त्यामुळे ग्रीनरूममध्ये लावलेल्या वाद्यांवर विसंबू नका. दिवे लागल्यावर दहा मिनिटं मंचावर बसून पुन्हा लावा, पडदा उशिरा उघडला तरी चालेल. आयोजकांनी घाई केली तर नम्रपणे थांबायला सांगा. फोनवरचं तानपुऱ्याचं अ‍ॅप वापरत असाल तर आधी फ्लाइट मोड. आलापाच्या मध्यावर कुणाचा तरी फोन येतो आणि सूर बंद पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

विभागातला एखादा तानपुरा नीट बोलत नसेल तर मिरज जवळ आहे, साधारण पन्नास किलोमीटरवर. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं घडवणारी घरं आहेत, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वर्षातून एकदा तिकडे जाऊन कारागीर जवारी कशी काढतो ते जरूर बघा. आपल्या वाद्याशी आपलं नातंच बदलतं.

आता गाण्याकडे येऊ. पहिलं नाव लागलं की प्रत्येकाला यमन गायचा असतो किंवा मालकंस. चांगलंच आहे, पण तक्त्यातली वेळ आधी बघा. विद्यार्थ्यांचे कार्यक्रम बहुतेक वेळा सकाळी अकराला किंवा दुपारी असतात, कारण सभागृह तेव्हा मोकळं मिळतं. मग दुपारी दोन वाजता रात्रीचा मालकंस गाण्याची पाळी येते आणि पुढच्या रांगेतले जुने श्रोते चुळबुळ करतात. त्यांना वाईट वाटतं ते खरंखुरं. म्हणून आधीपासून शुद्ध सारंग, गौड सारंग, भीमपलास, मुलतानी असे दोन-तीन दुपारचे राग पक्के करून ठेवा. दुपारचे राग येणारी मुलं विभागात कमी असतात आणि कार्यक्रम लावणाऱ्यांना ती हवी असतात. एवढ्या एका तयारीवर लवकर संधी मिळते.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. तुम्हाला वीस मिनिटं मिळतात. त्यात वाद्यं जुळवण्याची दोन मिनिटं आणि द्रुत बंदिशीची पाच मिनिटं धरा. उरली तेरा. जयपूर घराण्याच्या अंगानं विलंबित तीनताल घेतला तर एक आवर्तन साधारण पंचवीस-सव्वीस सेकंदांचं होतं, म्हणजे तीसेक आवर्तनं हातात आहेत. तोच ख्याल अतिविलंबित एकतालात गायलात तर आवर्तन मिनिटाच्या आसपास जातं, मग मिळतात फक्त बारा-तेरा. तेवढ्यात मध्यमापर्यंत आलाप पोचतो आणि वेळ संपली म्हणून चिठ्ठी येते. पुष्कळ हुशार मुलांचं गाणं इथे अर्धवट राहतं. घरी घड्याळ लावून गा, अंतरा कितव्या आवर्तनाला घ्यायचा ते ठरवा. प्रत्यक्षात ते मोडेल, मोडू द्या, पण ठरवलेलं असलं की मोडण्याचंही भान राहतं.

साथीदारांची गाठ कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्यांदा पडू नये. तबला शिकणाऱ्या मुलांशी वर्षाच्या सुरुवातीलाच मैत्री करा. त्यांना सोलोच्या रियाजासाठी पेटीवर लेहरा (आवर्तनाएवढी, पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरणारं कुणीतरी रोज हवं असतं. तुम्ही अर्धा तास लेहरा धरा, ते अर्धा तास ठेका धरतील. यात दोघांचंही भलं होतं आणि गाणाऱ्याचं जरा जास्तच, कारण पेशकार, कायदा, रेला हे तबल्याचे प्रकार रोज कानावर पडला की लयीची भीती जाते. बाहेरून साथीदार बोलावलात तर मानधन आणि प्रवासखर्च आधी स्पष्ट बोला, आणि कार्यक्रम संपताच पाकीट हातात द्या. आपली स्वरपट्टी, म्हणजे पेटीची कुठली पट्टी षड्ज धरता ती, आधी कळवा. काळी एकमध्ये गाणाऱ्याकडे आणि काळी चारमध्ये गाणारीकडे येताना तबलजी वेगवेगळे तबले आणतात.

ध्वनियोजनेबद्दल फार सांगत नाही. माइक तोंडापासून वीतभर ठेवा, त्याच्या मागे धावू नका, आणि मॉनिटरमध्ये तानपुरा मागून घ्या. निवेदनाची जबाबदारी आली तर रागाचं, तालाचं आणि गुरूंचं नाव बरोबर लिहून घ्या, बाकी चार ओळी पुरतात.

श्रोत्यांबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण या गावात श्रोता ही वेगळी गोष्ट आहे. जयपूर-अत्रौली घराण्याचे उस्ताद अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात होते आणि कितीतरी वर्षं कोल्हापुरात राहिले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. खाँसाहेबांचे चिरंजीव भुर्जी खाँ इथे शिकवत राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर आधी खाँसाहेबांचे दुसरे चिरंजीव मंजी खाँ यांच्याकडे आणि नंतर भुर्जी खाँ यांच्याकडेच शिकले. निवृत्तीबुवा सरनाईक आणि धोंडूताई कुलकर्णी याच मातीतले. गायन समाज देवल क्लब या इथल्या जुन्या संगीतसंस्थेत पिढ्या बसून ऐकत आल्या आहेत. ज्या रंगमंदिराला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव आहे ते शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत जळालं तेव्हा गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. असा हा श्रोता आहे. तुमच्या विद्यार्थी-कार्यक्रमालाही दुसऱ्या रांगेत एखादे आजोबा बसलेले असतात, ज्यांनी तो राग थोरामोठ्यांकडून ऐकलेला असतो.

त्यांना घाबरू नका. कार्यक्रम संपला की आपण होऊन त्यांच्याकडे जा, वाकून नमस्कार करा आणि विचारा, "काका, कुठं कमी पडलं?" ते सांगतात. "निषाद लावलास, पण त्याच्यावर थांबली नाहीस," असं एकच वाक्य मला असं मिळालं आणि पुढचा महिनाभर मी त्यावर रियाज केला. मात्र या श्रोत्यांना खूश करण्यासाठी शिकण्याच्या वयात अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग गाऊ नका. रायसा कानडा किंवा सावनी नट ऐकून मोह होतो. पण जोड रागात, म्हणजे दोन रागांच्या मिश्रणात, दोन्ही राग स्वतंत्रपणे गळ्यात बसलेले असावे लागतात. उदाहरणार्थ, नट आणि केदार वेगवेगळे नीट गाता आल्याशिवाय त्यांची जोड मांडता येत नाही. भूप, यमन, बिहाग इथे कमी लेखले जात नाहीत. उलट तेच कान देऊन ऐकले जातात.

राधानगरी, गडहिंग्लज, इचलकरंजीकडून रोज येणाऱ्या मुलांचा एक प्रश्न नेहमी असतो: शेवटची एसटी. बाहेरच्या कलाकारांची सभा रंगते ती नेमकी उत्तरार्धात, आणि शेवटच्या भैरवीच्या आधी अर्धं पोरांचं टोळकं स्टँडकडे पळतं. हंगामाचा तक्ता लागला की त्याच दिवशी हॉस्टेलवरच्या किंवा राजारामपुरीत खोली करून राहणाऱ्या मैत्रिणीशी बोलून त्या रात्रींची सोय करून टाका. घरच्यांनाही तारखा आधीच सांगा. मुलींच्या घरून विरोध होतो तो बहुधा ऐन वेळी सांगितल्यामुळे. आधी कळलं तर आईच सोबत ऐकायला येते, अशी उदाहरणं माझ्या वर्गात होती.

स्वतःच्या प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करा, पण त्या रात्री ऐकू नका. आठवड्यानं वही घेऊन बसा, आणि शक्य असेल तर गुरूंसोबत. याचा उपयोग पुढे पोटापाण्यासाठीही होतो. आकाशवाणीच्या ऑडिशनला रागांची यादी द्यावी लागते आणि त्यातला कोणताही राग विचारला जाऊ शकतो. ठरलेल्या मिनिटांत राग उभा करायची सवय तिथे कामी येते. कॉलेजात शिकवायचं असेल तर बहुतेक वेळा सेट किंवा नेट ही पात्रता परीक्षा लागते. बहुतेकांची पहिली कमाई मात्र गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांच्या शिकवणीतून होते, आणि तिथे पालक पहिला प्रश्न विचारतात तो तुम्ही कुठे गायलात याचा. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, तारीख, राग आणि साथीदारांची नावं एका फाइलमध्ये लावत जा. ज्या सभांना तुम्ही तानपुऱ्यावर होतात त्यांच्या पत्रिकाही त्याच फाइलमध्ये लावा.