द्विपद वितरणाची संचयी संभाव्यता अंदाजाने काढताना या चुका टाळा

नाणं १०० वेळा उडवलं. ठरावीक प्रयत्न, प्रत्येकात यश किंवा अपयश: अशा यशांच्या संख्येचं वितरण म्हणजे द्विपद. छापा जास्तीत जास्त ४५ वेळा पडण्याची संभाव्यता (० ते ४५ सगळ्यांची बेरीज, म्हणजे संचयी) किती? सरासरी ५०, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ५. बरेच जण लगेच (४५ − ५०) ÷ ५ = −१ करतात आणि नॉर्मल वितरणाच्या, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वक्राच्या, तक्त्यातून ०.१५८७ उतरवून मोकळे होतात. नेमकं उत्तर आहे ०.१८४१.

घोळ अर्ध्याचा आहे. छापे पूर्णांकात मोजले जातात, नॉर्मल वक्र सलग असतो. आलेखात ४५ चा खांब ४४.५ पासून ४५.५ पर्यंत पसरलेला असतो आणि तो आपल्याला अख्खा हवाय. म्हणून ४५.५ घ्या: झेड (सरासरीपासूनचं अंतर ÷ प्रमाण विचलन) −०.९, उत्तर ०.१८४१. चारही दशांश जुळले.

ही दुरुस्ती माहीत असणारेही अर्धा भलत्या बाजूला टाकतात. ‘किमान ६०’ असेल तर ६० धरायचा, म्हणजे सीमा ५९.५. ‘६० पेक्षा जास्त’ असेल तर ६०.५. पाठ करत बसू नका, खांब कागदावर काढा. नेमक्या सूत्रातही हाच सापळा आहे: किमान ६० म्हणजे १ वजा ‘५९ पर्यंत’. तिथे ६० घातलंत तर ०.०२८४ ऐवजी ०.०१७६ येतं.

‘३० च्या वर नमुना असला की नॉर्मल चालतं’ हा समज तर सोडाच. १०० बल्ब, प्रत्येक बाद निघण्याची संभाव्यता ०.०२. जास्तीत जास्त एक बाद निघण्याची नेमकी संभाव्यता ०.४०३. नॉर्मल, दुरुस्ती करूनही, ०.३६ सांगतं, २ सरासरीचं प्वासाँ (क्वचित घडणाऱ्या घटना मोजणारं वितरण) ०.४०६ देतं. नॉर्मल वापरण्याआधी अपेक्षित यश (नमुना × संभाव्यता) आणि अपेक्षित अपयश दोन्ही तपासा. पुस्तकं ५ वर समाधान मानतात, मी १० धरतो. संभाव्यता ०.९८ असेल तर अपयशं मोजा, प्वासाँ तिथेही लागू पडतं.

टोकाला मात्र नॉर्मलवर विसंबू नका. १०० पैकी किमान ८० छापे: दुरुस्ती केलेल्या नॉर्मलचं उत्तर नेमक्याच्या तिपटीहून जास्त येतं. दोन्ही आकडे अब्जांशांतले, त्यामुळे वजाबाकीत चूक डोळ्यांना दिसतच नाही.

गणितज्ञ द मुआव्र यांनी १७३३ मध्ये हा अंदाज मांडला तेव्हा त्यांच्याकडे एक्सेल नव्हतं. आपल्याकडे आहे, तर त्यातलं बिनॉम डॉट डिस्ट (BINOM.DIST) हे सूत्र वापरा. फक्त शेवटच्या जागी ‘ट्रू’ लिहा. ‘फॉल्स’ राहिलं तर ४५ साठी ०.०४८५ येईल, म्हणजे नेमके ४५ छापे पडण्याची संभाव्यता.