मुंबईत ट्युलिप लावताना या चुका टाळा

पहिल्या वर्षी माझ्या गॅलरीतल्या ट्युलिपना कळ्या आल्या, पण त्या मातीला टेकूनच. दोन रुंद पानांच्या बेचक्यात बोटाच्या पेराएवढी हिरवट कळी आठवडाभर तशीच बसून राहिली, तिच्या कडा कागदासारख्या वाळल्या आणि दांडा काही वर आला नाही. माती चांगली होती, पाणी बेताचे होते, ऊनही पूर्वेचे कोवळे होते. चूक घडली होती ती कुंडी भरण्याच्या तीन महिने आधी, आणि मुंबईत ट्युलिप लावणाऱ्या बहुतेकांची चूक तिथेच घडते.

ट्युलिप हे मूळचे मध्य आशियातल्या तिएनशान आणि पामीरच्या डोंगराळ मुलखातले फूल आहे. तिथला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा कडाक्याचा असल्यामुळे कंदाने आपले वेळापत्रक त्याला जुळवून घेतले आहे. उन्हाळ्यात कंद नुसता पडून आहे असे वाटते, तेव्हा त्याच्या पोटात पुढच्या मोसमाची कळी तयार होत असते. परंतु ती कळी वर उचलून धरणारा दांडा लांबावा, यासाठी त्याला १२ ते १६ आठवडे साधारण २ ते ९ अंश सेल्सिअसची सलग थंडी मिळावी लागते. मुंबईत जानेवारीच्या रात्रीही पारा सरासरीने १६-१७ अंशांच्या आसपासच असतो. तेवढ्यावर आपण कपाटातले स्वेटर बाहेर काढतो, पण ट्युलिपच्या हिशेबात तो हिवाळा नव्हेच. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या ट्युलिप उद्यानात हे काम बर्फ करतो. तिथे शरद ऋतूत लावलेले कंद मार्चच्या अखेरीपासून फुलू लागतात. दिल्लीत रस्त्यांच्या कडेला फेब्रुवारीत दिसणारे ट्युलिप आधी शीतगृहात ठेवलेल्या कंदांचे असतात, आणि पुढे तिथल्या थंड रात्री त्यांना सांभाळून घेतात. आपल्याकडे हा सगळा हिवाळा घरातल्या फ्रीजमध्येच उभा करावा लागतो. ही गोष्ट एकदा मान्य केली की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप टळतात.

खरेदी करतानाच्या चुका

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे ट्युलिपचे बी विकत घेणे. ऑनलाइन दुकानांत निळ्या, सप्तरंगी ट्युलिपच्या बियांची पाकिटे दिसतात, पण खरा निळा ट्युलिप जगात कुठेही नाही. काळा म्हणून नावाजलेला ‘क्वीन ऑफ नाइट’ हा वाणसुद्धा प्रत्यक्षात गडद जांभळट तांबडा असतो. शिवाय खऱ्या बियांपासून फुलण्याजोगा कंद तयार होण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे घ्यायचा तो कंदच.

कंदाचा आकार त्याच्या घेरावर मोजतात आणि विक्रेते ‘११/१२’ किंवा ‘१२ प्लस’ असे सेंटिमीटरमध्ये सांगतात. आपल्या हवेत १२ सेंटिमीटरहून अधिक घेराचाच कंद घ्यावा, कारण येथे पाने फार दिवस हिरवी राहून अन्न बनवतील अशी आशा नसते आणि सगळा कारभार कंदातल्या शिल्लकीवरच चालवावा लागतो. स्वस्तात मिळणारे लहान कंद पुष्कळदा एकच रुंद पान काढून थांबतात. एकच पान आले, तर त्या कंदात कळी नाही असे समजावे. त्याची सेवा करून काही उपयोग होत नाही.

कंद हातात घेऊन दाबून पाहावा. तो कांद्यासारखा टणक आणि आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. वरची तपकिरी साल सुटली असेल तर बिघडत नाही, आणि सालीवर निळसर हिरव्या बुरशीचे थोडे ठिपके असले तरी ते कोरड्या फडक्याने पुसून काढता येतात. मात्र मऊ पडलेला, हलका किंवा आंबूस वास येणारा कंद एकही ठेवू नये. हा वास फ्युजेरियम बुरशीचा असतो, आणि ती लागलेला कंद इथिलीन वायू सोडून शेजारच्या निरोगी कंदांतल्या कळ्याही मारतो. दहापेक्षा जास्त कंद घेतले असतील, तर एक कंद उभा चिरून पाहण्याचा कठोरपणा मी करतो. मध्यभागी फिकट, रसदार, इवली कळी दिसली तर बाकीच्यांवर भरवसा ठेवता येतो, आणि ती तपकिरी होऊन सुकलेली असेल तर उरलेल्या कंदांसाठी तीन महिने फ्रीज अडवण्यात अर्थ नसतो.

दुकानदाराला एक प्रश्न विचारायलाच हवा: कंद आधी थंड केलेले आहेत का, आणि असल्यास किती आठवडे? माझ्या पहिल्या वर्षी मी तो विचारला नव्हता, आणि विक्रेत्याने ‘लगेच लावा’ असे सांगितले म्हणून ऑक्टोबरच्या उकाड्यात कंद थेट कुंडीत घातले होते. नुसत्या ‘हो’वरही समाधान मानू नये. थंड केलेला कंद कुरियरच्या पेटीत किंवा दुकानाच्या फळीवर दोन आठवडे २८-३० अंशांत पडून राहिला, तर मिळालेल्या थंडीचा परिणाम बराचसा पुसला जातो. असे कंद घरी आले की त्याच दिवशी फ्रीजमध्ये गेले पाहिजेत.

वाण निवडताना छायाचित्रे बाजूला ठेवावीत. झालरीच्या पाकळ्यांचे पॅरट आणि उशिरा फुलणारे उंच वाण दिसायला मोहक असले, तरी त्यांना थंडी जास्त काळ लागते आणि त्यांचे जड फूल आपल्या उष्ण हवेत दांड्याला पेलत नाही. ट्रायम्फ गटातले मध्यम उंचीचे, मजबूत दांड्याचे वाण कुंडीसाठी बरे. डार्विन हायब्रिड गटातली फुले मोठी असतात आणि तीही चालतात, परंतु ती उंच वाढत असल्यामुळे बाराव्या मजल्यावरच्या वाऱ्यात आडवी होतात.

फ्रीज ही खरी बाग

येथे सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते, आणि घरातल्या माणसांची संमतीही लागते. फ्रीजमधले तापमान ४ ते ५ अंशांच्या आसपास हवे. साधा थर्मामीटर दोन दिवस आत ठेवून ते स्वतः तपासावे, कारण बटणावरच्या आकड्यांवरून अंश कळत नाहीत. एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेमध्ये कंद ठेवले, तर ते गोठतात, आणि गोठून पिळपिळीत झालेला कंद बाहेर काढल्यावर कुजतोच. मागच्या भिंतीला चिकटवूनही ठेवू नयेत. दुसऱ्या टोकाला, दारातल्या कप्प्यात दर वेळी गरम हवा लागते. मधली फळी किंवा खालचा भाजीचा कप्पा ही योग्य जागा, पण त्यालाही एक अट आहे.

ती अट फळांची. पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात, आणि त्या वायूने कंदाच्या पोटातली कळी बाहेरून काहीही न दिसता मरते. इंग्रजी पुस्तकांत सफरचंदाचा इशारा असतो. आपल्याकडे कंद फ्रीजमध्ये असण्याचा काळ हा नेमका सीताफळांचा हंगाम असतो, आणि पिकू घातलेली सीताफळे, चिकू, पेरू, टोमॅटो ही त्याच कप्प्यात ठेवली तर सफरचंदाची गरज उरत नाही. एका वर्षी माझे बारा कंद सणसणीत पाने काढून उभे राहिले, प्रत्येकात कळीही होती, आणि प्रत्येक कळी आतून वाळलेली निघाली. भाजीचा कप्पा उघडल्यावर येणाऱ्या सीताफळांच्या वासाचा अर्थ मला तेव्हा उशिरा कळला. शक्य असेल तर या तीन महिन्यांपुरती फळे बाहेर टोपलीत ठेवावीत. ते जमत नसेल तर कंद वेगळ्या फळीवर, फळांपासून जितके दूर नेता येतील तितके दूर ठेवावेत.

प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कंद ठेवू नयेत, कारण आत दव साचते आणि बुरशीला आयते घर मिळते. कागदी पिशवी किंवा कांद्याबटाट्याची जाळीची पिशवी चांगली. तिच्यावर तारीख, वाण आणि ‘खाऊ नये’ असे तिन्ही मोठ्या अक्षरांत लिहावे. हा शेवटचा शब्द विनोदाने लिहिलेला नाही. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आत्याने ही पिशवी बाहेर काढून कांद्यांच्या टोपलीत ओतली होती, आणि सालीसकट ते खरोखरच लहान कांद्यांसारखे दिसतात. ट्युलिपचा कंद खाल्ल्याने त्रास होतो, आणि घरातल्या मांजराकुत्र्यालाही तो विषारी आहे. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून मऊ पडलेले कंद काढून टाकावेत, म्हणजे कीड इतरांना लागत नाही.

उलटी मोजणी

तारखांचा हिशेब शेवटापासून मागे करावा. मुंबईत ट्युलिप फुलवण्यासाठी त्यातल्या त्यात बरे दिवस म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. कंद फ्रीजबाहेर आल्यावर फूल उमलायला साधारण तीन ते पाच आठवडे जातात. म्हणजे ७ जानेवारीच्या सुमारास कंद बाहेर काढायचे, तर १२ आठवडे मागे जाऊन १५ ऑक्टोबरला ते फ्रीजमध्ये गेलेले असले पाहिजेत. सप्टेंबरअखेर मिळाले तर त्याहून उत्तम. नोव्हेंबरच्या मध्यात घेतलेले, आधी थंड न केलेले कंद ७ फेब्रुवारीला बाहेर येतील आणि मार्चच्या कडक दुपारी उमलायचा प्रयत्न करतील, तेव्हा असे कंद मोह झाला तरी घेऊ नयेत. काही जण आठवडे कमी करून वेळ जुळवतात. त्यांना मातीला टेकलेल्या कळ्या मिळतात. याउलट १६ आठवड्यांच्या बरेच पुढे गेलेला कंद लांबट, लेचापेचा दांडा काढतो.

लावणी करताना

फ्रीजमधून काढलेला कोरडा कंद थेट ३० अंशांत लावला की कोंब धावत सुटतो आणि मुळे मागे राहतात. मुळांची वाढ गारव्यात होते. म्हणून थंडीचे शेवटचे तीन आठवडे राहिले की कंद छोट्या कुंडीत, ओलसर मातीत लावून ती कुंडीच फ्रीजमध्ये ठेवावी. फळीची उंची मोजून कुंडी निवडली तर हे जमते, आणि बाहेर येईपर्यंत कुंडीच्या भोकांतून पांढरी मुळे डोकावू लागतात. ही एक युक्ती मी सहा वर्षांनी शिकलो, आणि माझ्या अनुभवात यशापयशातला फरक हिनेच सर्वांत जास्त पाडला.

बागेत जमिनीत ट्युलिप १५ सेंटिमीटर खोल लावतात, पण कुंडीत तसे करण्याचे कारण नाही. कंदाचे टोक मातीखाली जेमतेम झाकले जाईल इतके पुरे, म्हणजे मुळांना खाली जागा मिळते. सहा इंची कुंडीत पाच कंद एकमेकांना जवळजवळ चिकटून बसवावेत आणि कंदाची चपटी बाजू कुंडीच्या भिंतीकडे करावी. पहिले मोठे पान त्या बाजूने फुटते आणि कुंडी सगळीकडून भरलेली दिसते. हाताला खाज सुटत असेल तर हातमोजे घालावेत, कारण कंदातल्या रसाने काहींची त्वचा लाल होते.

नर्सरीतली लाल माती एकटी वापरली तर पाणी घातल्यावर ती विटेसारखी घट्ट बसते. तिच्यात निम्म्यापर्यंत धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) आणि थोडी जाड वाळू किंवा पर्लाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) मिसळावे. कोकोपीट धुण्याचे कारण त्यातले मीठ. शेणखत, तेही अर्धवट कुजलेले, येथे नकोच. कंद आपली शिदोरी घेऊनच आलेला असतो. कुंडी मातीची घ्यावी, कारण तिच्या अंगातून पाणी उडून मुळांना दोन-तीन अंशांचा का होईना गारवा मिळतो, तर काळी प्लॅस्टिकची कुंडी ग्रिलवर उन्हात तापते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्याने कंद कुजतो, आणि डासांच्या अळ्यांसाठी घरी येणाऱ्या महापालिकेच्या कर्मचाऱ्यांनाही आधी ती ताटलीच दिसते.

बाहेर आणल्यावर पहिला आठवडा कुंडी घरातल्या सर्वांत गार, कमी उजेडाच्या कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे दांडा लांबतो. मग पूर्वेच्या खिडकीत सकाळचे तीन तास ऊन द्यावे. पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतर ठेवलेली कुंडी मी कधी फुललेली पाहिली नाही. मातीवर बर्फाचे खडे ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काही तास मुळे गार राहतात इतकेच, हुकलेले आठवडे भरून निघत नाहीत. रात्री वातानुकूलित खोलीत कुंडी आणली तर तिचाही फायदा एवढाच मर्यादित आहे, पण उमललेल्या फुलाचे आयुष्य त्याने नक्की वाढते.

कधीकधी सगळे नीट होऊनही, फूल रंगावर आल्यावर दांड्याचा एक भाग पाणी भरल्यासारखा पारदर्शक होतो आणि तिथेच मान मोडते. हा रोग नव्हे. दमट, कोंदट हवेत पानांतून पुरेसे पाणी उडत नाही, त्यामुळे कॅल्शियम वाढत्या दांड्यापर्यंत पोहोचत नाही. दोन कुंड्यांत अंतर ठेवावे, हळू पंखा लावावा आणि संध्याकाळी पाणी घालणे बंद करावे. मुंबईच्या दमटपणात हा दोष पूर्ण जात नाही, कमी मात्र होतो.

फूल उमलल्यावर उष्णतेने ट्युलिपच्या पाकळ्या दुपारपर्यंत पसरून बशीसारख्या होतात आणि गारव्यात पुन्हा मिटतात. त्यात आपली काही चूक नसते. फुले आपल्याकडे चार-पाच दिवस टिकतात, तेव्हा पाहुण्यांना बोलवायचे असेल तर कळीला रंग चढताच कळवावे. त्यानंतर कंद जपून ठेवण्याचा खटाटोप करू नये. पाने लवकर पिवळी पडल्याने त्याची शिल्लक भरून निघत नाही आणि पुढच्या वर्षी तो कळी धरत नाही, त्यामुळे तो कंपोस्टमध्ये घालावा. रिकाम्या झालेल्या त्या कुंडीत मे महिन्यात हळदीच्या कुळातल्या सयाम ट्युलिपचे गड्डे लावता येतात. नावापलीकडे त्याचा ट्युलिपशी संबंध नाही, त्याला थंडी लागत नाही, आणि तो भर पावसाळ्यात फुलतो.