ऑनलाइन नोकरी शोधताय? बेळगाव-खानापूर-निपाणीच्या मुलांनो, या चुका टाळा

अर्जांवर अर्ज केले तरी एक फोन येत नाही, ही तक्रार सीमाभागात घरोघरी ऐकू येते. मुलं हुशार असतात, शिक्षणही पुरेसं असतं. आड येते ती पोर्टलवर भरलेली माहिती.

सगळ्यात मोठी चूक ठिकाण निवडताना होते. बेळगावचं अधिकृत नाव 2014 मध्ये बदललं, तरी कित्येक जाहिरातींत इंग्रजीतलं जुनंच स्पेलिंग असतं. त्यामुळे शोधताना आणि अलर्ट लावताना Belgaum आणि Belagavi ही दोन्ही स्पेलिंग टाका. ‘कर्नाटक’ हा फिल्टर लावून तर बसूच नका. निपाणीच्या मुलाला महाराष्ट्रातल्या कागलची पंचतारांकित एमआयडीसी (औद्योगिक वसाहत) रोज जाऊन-येऊन करता येते, पण त्या एका फिल्टरमुळे तिथल्या जागा त्याला दिसतच नाहीत. बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे औद्योगिक भागातल्या छोट्या वर्कशॉपची भरती मात्र बऱ्याचदा ओळखीतून होते. तिथे बायोडाटा घेऊन स्वतः जा.

बायोडाट्यात ‘एसएसएलसी’, ‘पीयूसी’ एवढंच लिहू नका, शेजारी दहावी-बारावी लिहा. पुण्या-कोल्हापूरकडे अर्ज करताना हे हवंच. ‘आयटीआय फिटर’ किंवा ‘मशीन ऑपरेटर’ यावरूनही समोरच्याला काही कळत नाही. सीएनसी लेथ चालवलं की व्हीएमसी (उभं मिलिंग मशीन), कंट्रोलर फॅनुक कंपनीचा होता की सीमेन्सचा, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) स्वतः देता येतो का, मायक्रोमीटर वाचता येतो का, हे लिहा. सुपरवायझर नेमकं तेच शोधत असतो. आणि मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही बोलता येत असतील तर ते वरच लिहा. सेल्स आणि फायनान्सच्या कामात याला खरी किंमत आहे, पण आपली मुलं ते लिहीतच नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सरकारी भरतीत ‘आपण कर्नाटकातले, महाराष्ट्रात चालणार नाही’ असं स्वतःच ठरवून अनेकजण फॉर्मच भरत नाहीत. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतल्या मराठी भाषिकांना महाराष्ट्र शासनाच्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा विहित नमुन्यातला दाखला लागतो. तो शेवटच्या आठवड्यात मिळत नाही, आधीच काढून ठेवा. ग्रामीण बँकांच्या भरतीत एकच राज्य निवडायचं असतं आणि तिथली भाषा यावी लागते. कन्नड नीट लिहिता-वाचता येत नसेल तर जवळ म्हणून कर्नाटक निवडू नका, महाराष्ट्राचा विचार करा.

आधार आणि मार्क्स कार्डावरच्या नावाचं स्पेलिंग जुळतं का, तेही आजच पाहा.

नोकरी लावतो म्हणून कुणी नोंदणी फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे मागितले की तिथेच थांबा. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टलवर नोंदणी मोफत होते. पैसे गेलेच असतील तर ट्रान्झॅक्शनचा तपशील हाताशी घेऊन ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावा. घरी कळेल म्हणून दोन दिवस गप्प बसू नका.